बुडलेल्या बोटीवरून परत आलेला शेजारी

शेजारच्या त्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. पन्नास-बावन्न साली मी लग्न होऊन मालवणजवळच्या या घरात आले, तेव्हा थोरल्या जावेनेच सगळं सांगितलं. लढाईत पाणबुडीने मालाची आगबोट बुडवली. तिच्यावर जावेचा नवरा आणि हा शेजारी, दोघेही बॉयलरला कोळसा घालायच्या कामावर होते. हा परत आला, माझे थोरले दीर आले नाहीत. कंपनीच्या तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं, म्हणून जाऊ कुंकू लावायची, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची. मूलबाळ काही नव्हतं तिला.

आता मला सांगा, एकाच बोटीवर, एकाच जागी काम करणारा माणूस म्हणतो, "माका काय दिसाक नाय." कोणाला पटेल? शिवाय पुढच्या दाराने तो कधी यायचा नाही. मासे घेऊन मागच्या दारी यायचा, जावेशी दोन शब्द बोलायचा आणि मी दिसले की मान खाली घालून चालू पडायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! जाऊ तरुण, देखणी. माझ्या मनात काय आलं ते सांगायला नको. नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "जीभ आवर."

साठ सालानंतर मुंबईहून आलेल्या कोणीतरी सांगितलं, गोदीत तुमच्या थोरल्यासारखा माणूस बघितला. झालं, सासूबाईंनी अन्न सोडलं. लेक जिवंत आहे, कुठेतरी दुसरा संसार थाटलाय आणि शेजाऱ्याला सगळं ठाऊक आहे, असं त्यांनी धरलं. मलाही ते खरंच वाटलं. त्याला बोलावून त्या म्हणाल्या, "देवाच्या पायरेर हात ठेवन सांग."

रवळनाथाच्या देवळात सगळे जमले. त्याची बायको दोन्ही पोरांना धरून खांबाशी उभी होती. जो खोटं बोलेल त्याची पोरंबाळं तू बघून घे, असं गाऱ्हाणं गुरवाने घातलं. आम्ही सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. त्याने पायरीवर हात ठेवला आणि वळून पोरांकडे बघितलं. मला बरं वाटलं. सापडला एकदाचा, म्हटलं.

"मी तेका बुडताना," एवढं बोलून तो थांबला.

जाऊ पुढे झाली. "भाऊ, देवाक खोटा सांगू नकात. तुमची पोरां आसत." मग सासूबाईंकडे वळली. "तेंनी बघितल्यानी. इल्या दिवशीच माका सांगल्यानी. मीच तेंका गप रवाक सांगलंय. कुंकू गेल्यार ह्या घरात माझा कोण आसा?"

आणि तिने पदराने कपाळ पुसलं. कुंकू नीट जाईना, ती घासतच राहिली. देवळातल्या बायका तिच्या बांगड्यांकडे बघायला लागल्या. मी पुढे झाले आणि तिचे दोन्ही हात माझ्या पदराखाली झाकून धरले.