वलवणच्या मामांचं पिवळं पाकीट

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचते, पण खरं सांगू का, चुका काढायला वाचते. कुणाला झाडाखाली बाई दिसली की माझे प्रश्न सुरू – किती फुटांवरून? चष्मा होता का? आमचे हे म्हणतात, ‘तुला भूत भेटलं तर त्या बिचाऱ्याला आधी आधारकार्ड दाखवावं लागेल.’ तळेगावच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. बंद करून परत चालू करा, निम्मी भुतं तिथेच पळतात – हे मी मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की त्यांनी माझं नाव ‘रीस्टार्ट बाई’ ठेवलंय. आता माझाच अनुभव लिहायला बसलेय, तर चुका काढायची पाळी तुमची. जरूर काढा. मला एक जरी सापडली तरी बरं वाटेल.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. माझे मुरलीमामा लोणावळ्याला वलवणमध्ये राहायचे. धरणावर पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायची, हीच त्यांची आयुष्यभराची नोकरी. धरणाजवळ दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे सुमनमामीच्या सगळ्या अडचणी माझ्याकडे यायच्या आणि मामीचं फणसाचं सांदणही माझ्याचकडे यायचं.

निवृत्तीनंतर मामांनी अंगणात पाऊस मोजायची बाटली बसवली होती. रोज सकाळी आकडा बघायचा आणि जुन्या सोबत्यांना ईमेल करायचा. एकूण चौदा माणसं होती यादीत. निरोपाच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी त्यांना बारीक बटणांचा, ईमेलवाला फोन दिला होता, त्यावरून हा उद्योग चालायचा. पुढे मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसेनात. आमच्या एका सरांनी वापरून सोडलेला त्याच कंपनीचा टॅब मी मामांसाठी घेऊन गेले.

त्या टॅबची एक गंमत होती. ईमेल लावायला गेलं की तो विचारायचा – स्वतंत्र लावू, की फोनशी जोडून? स्वतंत्र म्हणजे टॅबचा टॅबला कारभार, फोन असो वा नसो. जोडून म्हणजे पत्रं फोनमध्येच राहणार, टॅब फक्त मोठ्या अक्षरांत दाखवणार, तेही फोन तीसेक फुटांच्या आत असेल तरच. फोन लांब गेला की पत्रं गायब. माझ्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मी ‘स्वतंत्र’वर बोट नेलं.

“थांब,” मामा म्हणाले. “म्हंजी मी घरात नसलो तरी माजी पत्रं उगडनार?”

“हो. तोच तर फायदा आहे मामा.”

“आन् दुसऱ्यात?”

“तुम्ही, म्हणजे तुमचा फोन, जवळ असेल तरच.”

“मंग दुसरंच लाव. ड्यूटीवर मानूस न्हाई तर वही बंद. धरनावर आमची हीच रीत व्हती.”

मी पंधरा मिनिटं हुज्जत घातली. सोयीची गोष्ट सोडून गैरसोयीची निवडणारा माणूस मला समजतच नाही. शेवटी मामी आतून ओरडली, “आगं, त्यांचं धरन त्यांना बांधू दी की!” आणि मी रागारागात ‘फोनशी जोडून’ दाबलं.

टॅब मामीने स्वयंपाकघरातल्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला, कारण चार्जिंगचा प्लग तिथेच होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र होतं. फोन जवळ असला की पिवळं, लांब गेला की राखाडी. महिन्याभराने गेले तर मामी मला म्हणाली, “वर्षा, ही वस्तू लय गुनाची हाय.” मला वाटलं, मामी ईमेल शिकली! कसलं काय... मामा फिरून फाटकाशी आले की पाकीट पिवळं व्हायचं आणि मामी चहाचं आधण ठेवायची. मामा चपला काढून आत येईपर्यंत कप तयार. एवढ्या महागड्या यंत्राचा असा उपयोग बघून मी कपाळाला हात लावला. पण तिने सांगितल्यावर स्क्रीन कधीच विझू नये अशी सेटिंग मात्र करून दिली.

पुढच्या वर्षी मामांचं विसरणं सुरू झालं. आधी एकच आकडा दोनदा जाऊ लागला. मग ते सकाळी डबा मागायला लागले – ड्यूटीवर जायचंय म्हणून. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हे वाढतच जाणार, यांना एकटं बाहेर सोडू नका. सांगणं सोपं आहे हो. मामी बाहत्तर किलोची, गुडघे गेलेले. मामा सुकलेल्या काटकीएवढे, पण पायाला भिंगरी. मग पाकिटाचा उपयोग उलटा झाला. पाकीट राखाडी झालं की मामी हातातलं लाटणं टाकून फाटकाकडे धावायची. तेवढ्या वेळात मामा फार तर कोपऱ्यापर्यंत गेलेले असायचे. आपली नजर चुकवून ते धरणाच्या पाण्यात जातील, याचीच तिला धास्ती होती. रात्री हात त्यांच्या मनगटावर ठेवून झोपायची.

आणि एक दिवस तिचा फोन आला, रडत. मामांनी फोन पाण्यात टाकला होता. धरणावरचे वॉचमन किसनभाऊ मामांना आबा म्हणायचे, त्यांनी समोरून बघितलं होतं. “आबांनी खिशातनं काडला, दोन बोटांत धरला आन् सोडला पान्यात. म्या हाक मारस्तवर बुडाला बी,” असं त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. बहुतेक मामांना ते पातळी मोजायला दोरीने पाण्यात सोडायचं वजन वाटलं असावं.

“आता मला कसं कळायचं गं हे कुटं हायेत ते?” मामी विचारत होती. मी म्हटलं, रविवारी येते, दुसरा फोन आणते.

रविवारी पोचले तर मामी शांतपणे भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “घाई न्हाई आता. चालतंय त्ये.”

फळीवर पाकीट पिवळं होतं.

मी हसले. टॅब अडकलाय, जुनंच चित्र दाखवतोय, एवढंच. बंद करून चालू केला... पिवळं. मग मामा अंगणातून फाटकाबाहेर गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर पाकीट राखाडी झालं. मामी त्यांना हाताला धरून घेऊन आली. पिवळं.

आता माझी काय अवस्था झाली असेल सांगा! जेवण तसंच ठेवून मी कामाला लागले. माझा फोन बंद केला, मामीचा बंद केला. शेजारच्या बंगल्यात जाऊन, आत्ता कुणी पाहुणे नाहीत, याची खात्री केली. मामांचे खिसे उलटे केले, कपडे बदलायला लावले, हातातलं घड्याळ काढून घेतलं. किसनभाऊंना बोलावून फाटकातून आत-बाहेर करायला लावलं – काही नाही. मी स्वतः केलं – काही नाही. मामा गेले – राखाडी. मामा आले – पिवळं. पंधरा वेळा! मामीच्या शिवणाच्या टेपने अंतर मोजलं, फळीपासून फाटकापर्यंत अठ्ठावीस फूट. मामांना हा खेळ फार आवडला. सोळाव्या वेळी त्यांनीच विचारलं, “झाली का नोंद?”

पत्रं मात्र उघडत नव्हती. पाकीट पिवळं, पण आत नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. फोनच नाही तर पत्रं येणार कुठून? ईमेल हवं असेल तर एकच मार्ग होता – जोडणी काढायची आणि स्वतंत्र लावायचं. मुख्य म्हणजे, हा टॅब नक्की कशाशी बोलतोय हे कळायला मला जोडणी काढून नव्याने शोध घ्यावा लागणार होता. तसं करायला गेलं की स्क्रीन विचारायची – ‘जोडणी काढायची? पुन्हा जोडण्यासाठी तोच फोन लागेल.’ आणि तोच फोन धरणाच्या तळाशी.

“राहू दे,” मामी म्हणाली. “मला पत्रं नकोत. मला मानूस पायजे.”

“मामी, हे बिघडलेलं यंत्र आहे. उद्या चुकीचं दाखवलं आणि मामा निघून गेले तर?”

“आजवर दावलंय का?”

मी आणलेला नवा फोन मामांच्या खिशात घातला. तो त्यांनी पाच मिनिटांत काढून पलंगावर ठेवला – “ह्यो माजा न्हाई.” चार वेळा घातला, चार वेळा काढला. शेवटी एक आठवड्याची मुदत देऊन मी परतले. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. भीती नव्हे हो, उत्सुकता! माझ्या एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात न बसणारी एक गोष्ट त्या फळीवर ठेवलेली होती आणि एक बटण दाबलं की तिचा उलगडा होणार होता.

पुढच्या रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी टॅब हातात घेऊन बसले. श्रावण होता, बाहेर धुकं इतकं की अंगणातली बाटलीही दिसेना. मामी समोर उभी राहून माझी विनवणी करत होती आणि मी माझंच घोडं दामटत होते. स्क्रीनवर प्रश्न आला. मी ‘होय’वर बोट नेलं. आणि दाबायच्या आत, माझ्या डोळ्यांसमोर, कोपऱ्यातलं पाकीट राखाडी झालं.

मी दचकून मामीकडे बघितलं. फाटक सताड उघडं होतं. आम्ही भांडत होतो, तेवढ्यात मामा निघून गेले होते.

मी रस्त्याने हाका मारत पळाले. धुक्यात दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. किसनभाऊ पाण्याच्या बाजूला गेले. तिकडून त्यांची “आबाऽऽ” अशी हाक ऐकू येत होती आणि उत्तर येत नव्हतं. ही माझी चूक, एवढंच डोक्यात घुमत होतं. परत फिरले तर मामी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब छातीशी धरून, हाका न मारता, नजर खाली लावून डोंगराकडच्या पायवाटेने चालली होती. त्या गुडघ्यांनी! मी ओरडले, “मामी, पाण्याकडे बघायला हवं!” “तिकडं किसनभाऊ हायेत,” एवढंच म्हणून ती चालत राहिली.

कारवीचं रान सुरू होतं तिथे पाकीट पिवळं झालं. मी स्वतः बघितलं. चार पावलं पुढे गेलो, राखाडी. मागे आलो, पिवळं. डावीकडे उतरलो, पिवळंच राहिलं. समोर फक्त धुकं आणि ओली झुडपं. मामीने झुडूप बाजूला केलं... पाणी वाहून जायचा चर होता, आणि चरात मामा बसले होते. पाय मुरगळलेला, ओठ निळे पडलेले, तोंडातून एक शब्द नाही. आम्ही दोन हातांवरून हाका मारत गेलो असतो तरी ओ आली नसती.

मामी चरात उतरली. मामांनी तिच्याकडे परक्यासारखं बघितलं.

“बाई, तुमी कोन?”

पंचेचाळीस वर्षांचा संसार झालेला होता त्यांचा. मला रडू फुटलं. मामी मात्र डोळ्यांतलं पाणी पदराने टिपून सरळ म्हणाली, “मी ड्यूटीवर हाय.”

मामांचा चेहरा निवळला. “आसं व्हय. मंग वही उगडा.”

तिने पिशवीतून टॅब काढून त्यांच्यासमोर धरला. कोपऱ्यात पिवळं पाकीट होतं. मामांनी समाधानाने मान हलवली आणि उठायला हात पुढे केला.

त्यानंतर मी त्या बटणाचं नाव काढलं नाही. मामा अजून दोन वर्षं होते. शेवटी शेवटी ते मामीला रोज ‘तुमी कोन’ विचारायचे. मामी फळीकडे बोट दाखवायची. “ह्ये इसरलं तरी त्ये न्हाई इसरत,” म्हणायची.

एका सकाळी ती चहा करत होती आणि पाकीट राखाडी झालं. तिने सवयीने आधी फाटकाकडे बघितलं. कडी लावलेली होती. मामा आठ पावलांवर, आतल्या पलंगावर झोपलेले होते. मामीने गॅस बंद केला आणि मग आत गेली. मला हे सांगताना ती म्हणाली, “मला हाक मारून गेलं म्हन.”

तेराव्यानंतर तिने टॅब माझ्या हातात दिला. “घे. आता तुला काय बघायचंय ते बघ.”

तो माझ्याकडेच आहे, शाळेच्या नाही, घरातल्या कपाटात. ब्लूटूथ कळणाऱ्या तीन माणसांना मी हे सगळं सांगितलं. एकाने बॅटरी म्हटलं, एकाने योगायोग म्हटलं, तिसरा माझ्याकडे काळजीने बघत राहिला. कुणाच्या उत्तरात ते अठ्ठावीस फूट बसत नाहीत. महिन्यातून एकदा मी तो चार्ज करते. पाकीट राखाडी असतं. त्या पानावर जाते, प्रश्न येतो – ‘जोडणी काढायची?’ आता मला अडवणारं कुणी नाही. मला अजूनही जाणून घ्यायचंय, तुमची शपथ. पण बोट पुढे जात नाही. ड्यूटीवरचा माणूस जागेवर नाही, तर वही बंद... मी ‘नाही’ दाबते आणि टॅब परत कपाटात ठेवते.