भरलेली बाटली

मुलीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने अमेरिकेत होते. ती राहते तो भाग वाळवंटाचा. परत यायला आठ दिवस उरले तेव्हा ती म्हणाली, "आई, तू इथं येऊन नुसती भांडी घासलीस नि बाळाला न्हाऊ घातलंस. एक तरी गोष्ट नीट बघून जा." म्हणून आम्ही ग्रँड कॅनियनला गेलो.

वर कठड्यापाशी उभी राहिले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे. ती दरी एवढी मोठी की डोळ्यांत मावेना, आणि जे मावत नाही ते मला भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं दिसतं. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी "छान हाय" म्हटलं. तिला ते पटलं नाही.

"वरून नाय कळत. थोडं आत उतरू या," ती म्हणाली. जावई बाळाला घेऊन वरच थांबले. जाताना हसून म्हणाले, "आई, हिच्या मागे धावू नका. चढ शेवटी येतो."

ते खरं होतं. बोईसरला मी वीस वर्षं इमारतींमधून मासळी विकली, आता बाजारात बसते. पाटी डोक्यावर घेऊन चार-चार मजले चढायचे, मग उतार. इथं सगळं उलटं. आधी उतार, आणि दमलेल्या पायांनी चढ.

मुलीने माझ्या हातात पाण्याची मोठी बाटली दिली. "दर वळणावर पी. तहान नसली तरी पी."

पहिल्या वळणावर तिने विचारलं, "प्यालीस?"

"प्याले."

मी प्याले नव्हते. ओठ ओले केले आणि झाकण लावलं. पुढच्या वळणावरही तसंच. यात मी कुणाला फसवते आहे असं मला वाटलंच नाही, कारण घराबाहेर पडल्यावर मी पाणी पीतच नाही. आम्ही मासळीवाल्या कुणीच पीत नाही. पहाटे कपभर चहा, मग दुपारी घरी येईपर्यंत काही नाही. प्यायलं तर जायचं कुठे? लग्न होऊन पाटी घेतली तेव्हा सासूने पहिलं हेच शिकवलं, मासे कापायचं नंतर. एकदा अगदी राहवेना म्हणून एका बाईच्या दारात मी संडासाचं विचारलं होतं. ती माझ्याकडून नेहमी पापलेट घ्यायची. ती म्हणाली, बाहेर भिंतीमागे जा. त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही.

वाट लाल मातीची होती. खेचरं पाठीवर माणसं घेऊन वर येत, तेव्हा आम्ही आतल्या अंगाला भिंतीला टेकून उभ्या राहायचो. खाली जाऊ तसा उन्हाचा भपका वाढला. वर थंडी होती, इथे दगडातून आच येत होती. घाम मात्र यायचा थांबला. मला बरंच वाटलं, म्हटलं, सवय झाली.

तासाभराने वाटेतल्या एका दगडी खोपीपाशी आलो. तिथून परत फिरायचं होतं. जरा टेकलो, मग मी उठायला गेले. दरीची पलीकडची भिंत हलायला लागली. मुलीने दंड धरून मला सावलीत बसवलं. माझी बाटली उचलली नि उघडून बघितली. बाटली काठोकाठ भरलेली होती.

"तू म्हणालीस प्याले म्हणून."

मी कपड्यावरची लाल माती झटकली.

"आई, इथं माणसं मरतात अशानं. तुला उचलून न्यायला मी कुणाला बोलवू? बाळ वर हाय माझं."

"नको ओरडू. लोक बघतात."

"बघू दे. का नाय प्यालीस?"

मी खाली मातीकडे बघत सांगितलं. सासूचं सांगितलं, त्या दाराचं सांगितलं. ती माझ्यापुढे उकिडवी बसली.

"मी लहान असताना," ती म्हणाली, "तू मासळी विकून आलीस की पाटी न उतरवताच तांब्या मागायचीस. मी भरून ठेवायची. मला वाटायचं, तुला माठातलं गार पाणी लय आवडतं."

मग तिने हाताने दाखवलं. खोपीपासून वीस पावलांवर संडास होता. तसा फलकही लावलेला होता, पण तो मला वाचता येत नव्हता, आणि मी विचारलं नव्हतं.

मी प्याले. ती म्हणाली घोट-घोट घे, तसं घेतलं. तिने खारे शेंगदाणे दिले. डोकं जागेवर यायला अर्धा तास गेला. तेवढा वेळ मला बसून समोर बघण्यावाचून काही काम नव्हतं. सहा महिन्यांत असं पहिल्यांदाच. भिंतीवर पट्टे होते, तांबडे, पिवळट, राखी, घडी करून ठेवलेल्या चादरींसारखे. सावली त्या पट्ट्यांवरून हळूहळू सरकत होती. वलांडीवर सुकत टाकलेल्या बोंबलांची सावली बघून मला वेळ कळते, तशी इथेही कळायला लागली. फार फार खाली झाडांची हिरवी रेघ होती.

"एवढं सगळं पाण्यानं कापलंय," मुलगी म्हणाली. "नदी हाय खाली. इथून दिसत नाय."

मी म्हटलं, "किती दिवस लागले असतील तिला." तेव्हा मला ती दरी दिसली. छान वगैरे नाही वाटली. इतकं काम बघून मला दमल्यासारखं वाटलं, आणि ते काम करणारीजवळ थोडं बसावंसं वाटलं.

चढताना दर वळणावर मी थांबले. पहिल्या दोन वळणांना तिने सांगितलं. तिसऱ्याला मीच म्हटलं, "थांब, मला पाणी पायजे." ती काही बोलली नाही, झाकण उघडून बाटली पुढे केली. वर पोचायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला, पण माझ्या पायांनी पोचले.

ती बाटली मी घरी आणली. आता पाटीत ठेवते. बाजारात शेजारी बसणारी हसते. "अमेरिकावाली, भरून तर आणलीस, रिकामी कुठं करणार?" बाजाराच्या आवारात अजून बायकांसाठी संडास नाही. मी रोज अर्धी पिते, आणि दुपारची घरी जायची गाडी येईपर्यंत पाय जवळ घेऊन बसते.

काल मी ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेले. दाराशी बराच वेळ उभी राहिले. मग आत जाऊन टेबलावरच्या बाईंना विचारलं, बाजारात बायकांनी जायचं कुठे. त्या म्हणाल्या, लिहून द्या. मी चौथी शिकलेली; वहीत काहीही चालतं, अर्ज कधी लिहिला नाही. आज बसून तो लिहिते आहे. दोन ओळी झाल्या आहेत.