उद्धवरावाचा लाल फेस

वांकिडी गावात बोलवा होती की उद्धवरावाच्या साबणात देवी उतरते. हळदीच्या हातावर वडी घासली की फेस लालभडक यायचा, म्हणून नवरीच्या न्हाणाला बाया ती विकत नेत. देवीबिवी काही नव्हती. कास्टिक सोडा होता, तोही उद्धवरावाच्या अंदाजानं पडलेला. म्हणजे जास्तच.

कापूस वेचून झाला की हा गडी साबण शिजवायचा. मान वाकडी, घसा खाकरलेला, जणू वैद्यराजच. "आपला माल डायरेक चमडीत घुसते, समजलं का?" घुसायचाच, बाभळीचा काटा घुसतो तसा. बोटं कायम फडक्यात गुंडाळलेली. विचारलं तर म्हणे, बोंडांनी चिरली.

त्याची लेक रुपा मंचेरियलला कॉलेजात शिकायची. लग्न ठरल्यावर हा म्हणाला, हळदीला तुझं तोंड आपल्याच वडीनं धुवायचं, साऱ्या बायांसमोर. रुपा हादरली. सोललेलं तोंड घेऊन मांडवात उभं कसं राहायचं?

"बाबा, कातडी जराशी आंबट असते, पीएच साडेपाचच्या आसपास. तुमचा साबण दहाच्या वर. तो आंबट थर धुऊन नेते, मंग आग होते. आन् खारात हळद लाल होतेच. शर्टावरचा वरणाचा डाग साबणानं लाल होत नाही का?"

"म्हंजे देवी वरणातबी असते," उद्धवराव म्हणाला. या खोपडीत पीएच कुठून शिरणार!

मी त्याचा पुतण्या. त्याच्याच मानेनं, त्याच्याच घशानं त्याची नक्कल करून घरभर हशा पिकवायचो. मी पैज मारली, "काका, साबण जाळते हे तुमच्या तोंडून कधीच निघणार नाही."

"निघालं तं?"

"तं तुमची नक्कल जन्मात करणार नाही."

हळदीच्या दिवशी त्याची बहीण बयनाबाई हिनं हळदीच्या हातांवर वडी घासली. फेस लाल झाला. "कुंकू आलं वो!" बाया ओरडल्या. हात रुपाच्या गालाकडे निघाला. रुपानं डोळे मिटले, ओठ चावला, पण बापाला चारचौघींत खोटं पाडलं नाही.

उद्धवरावाची मान सरळ झाली.

"थांब बयना! जाळते तो." त्यानं बोटांवरचं फडकं सोडलं. खाली नुसती सालपटं. "पोरीले दही-बेसन लाव."

"मंग आमाले काऊन इकत होता रे मुर्दाडा?" एक बाई कडाडली.

मान पुन्हा वाकडी. घसा खाकरला. "भांड्याले तं झकास हाये ना!"

नक्कल करायला इतका फर्मास ऐवज समोर उभा होता, आणि मी पैज हरलो होतो.