पडद्याच्या मागच्या बाजूला

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. बायको जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

शहरातल्या विद्यापीठातली एक पोरगी गावात आली. जुन्या माणसांनी करमणूक कशी केली, त्यात त्यांना काय वाटायचं, यावर ती अभ्यास करून राहिली होती. मी दुसरीतून शाळा सोडलेला. म्हणलं, "करमणुकीचाबी अभ्यास असतो व्हय? मंग आमी उगंच अडाणी राहिलो." हसली अन् ओसरीवर बसली.

"घरात कोण कोण असतं, बाबा?"

"समदे हाईत," म्हणलं. परक्यापुढं रडगाणं काहून गावं?

सांगितलं ते तंबूतल्या सिनेमाचं. जवळा बाजार गावाला यायचा. पडदा मधोमध. पुढं गडी, मागं बाया. मागून चित्र उलटं दिसायचं. मागं बायकोजवळ तिची थोरली बहीण बसायची. तिला आमच्याच गावात दिलेली, आता लेकापाशी सेनगावला असते. घरी येताना आमचं भांडण ठरलेलं. बायको म्हणायची, हिरोनं डाव्या हातानं मारलं. मी म्हणायचो, उजव्या. दोघंबी बराबर होतो, पण हटायचं कोणी नाही.

पोरगी म्हणाली, "मग तसाच दाखवू की!"

पुढच्या आठवड्यात ती सिनेमाचं मशीन घेऊन आली. मागूनबी चित्र दिसावं म्हणून शाळेच्या पटांगणात पांढरं कापड ओलं करून बांधलं. दिवेलागणीला म्हातारे पुढं बसले, म्हाताऱ्या मागं. सिनेमा जुना, मारामारीचा. मागून बायांचं हसू येत होतं. मलाबी लई दिवसांनी बरं वाटत होतं.

सिनेमा सुटला. पहिल्यासारखेच आमी गडी फाटकापाशी थांबलो, आपापली बाई येईस्तोवर. "चला वो," म्हणत एकेक जोडी गेली. मी उभाच. शेजारीण जवळून चालली होती. म्हणाली, "भाऊ, कोणाची वाट पाहून राहिले?" अन् लगेच तिनं पदर तोंडाला लावला.

तवा ध्यानात आलं.

"तंबाखूची पुडी पडली," म्हणलं, अन् खाली वाकून उगंच माती चाचपली.

तेवढ्यात पोरगी आवाज भरून घ्यायला फोन धरून आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "बाबा, आजी पलीकडं बसून काय करायच्या? हसायच्या? रडायच्या?"

इतके सिनेमे एका पडद्यावर पाहिले, अन् पाहताना ती कशी दिसायची, ते एकदाबी पाहिलं नाही. हात उजवा का डावा, यावर भांडलो. हे इचारलंच नाही.

"मला म्हाईत न्हाई," म्हणलं. शिकलेल्या माणसापुढं असं मी जन्मात बोललो नव्हतो.

"मग उद्या आजींनाच विचारते."

"ती न्हाई आता."

पोरीनं फोन बंद केला. घरापर्यंत सोडते म्हणाली. मी नको म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं सेनगाव गाठलं. मेहुणी अंगणात तूर पाखडत होती. "काय पाव्हणं, सून चहा देईना का, इतक्या लांब आले?"

टोपी काढून उंबऱ्यावर बसलो. तिनं सूप खाली ठेवलं.

"आक्का," म्हणलं, "सिनेमा पाहताना ती हसायची का रडायची, तेवढं सांगा."