पेला मी काढून घेतला

आईनं दोन्ही हात पुढं केले होते. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. पेला तिच्या बोटांना लागला. आणि मी तो मागं घेतला.

"आई, थांब. आदी त्येंना."

तिनं डोळे उघडले. "का रं?"

मी पाठ फिरवून पहिल्या बाकाकडं गेलो. तिथं हायस्कुलातले ब्राह्मण मास्तर आणि त्यांची बायको बसली होती. दोघांचा नुकताच बाप्तिस्मा झालेला. आधी मास्तर प्याले, मग बाई. मग तोच पेला मी आमच्या बायकांच्या चटईवर आणला. बाकीच्या प्याल्या. आईनं पदराचा शेव तोंडावर धरला आणि मान हलवली.

सोलापुरातली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीची. ती मी आयुष्यभर सांगत आलो. सांगताना म्हणायचो, "गोऱ्या साहेबानं माझ्या आईच्या हातातून पेला काढून घेतला." खोटं आहे ते. साहेब, म्हणजे मिशनचा पाद्री, मेजामागं उभा होता. हात माझा होता.

त्या पेल्याची किंमत आमच्या घरात काय होती ते सांगतो. आम्ही मोहोळकडचे महार. बाप गिरणीत आला तेव्हा त्याला माग खात्यात घेतलं नाही. विणताना धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो. महाराचं तोंड लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? त्यानं झाडू मारला, कापसाच्या गाठी वाहिल्या. मानमोडीच्या तापाच्या साथीत तो गेला. आई रिळावर, सूत गुंडाळायच्या कामाला लागली. गिरणीत तिला पाणी वरून ओतत. ती खाली बसून ओंजळ धरायची. पदर भिजायचा.

मिशनच्या देवळात मात्र येशूच्या आठवणीचा, प्रभुभोजनाचा पेला सगळ्यांना एकच होता. काळ्या मनुका उकळून केलेला रस, आणि सगळ्यांचं तोंड त्याच काठाला. बाप म्हणायचा, "मी पुस्तक वाचून न्हाय आलो हितं. पेला बगून आलो." जुन्या म्हाताऱ्या साहेबानं एक पद्धतही घालून दिली होती. पेला पहिल्यांदा विधवांच्या चटईवर जायचा. जगात सगळीकडं त्यांचा हात शेवटी, म्हणून देवळात पहिला. विधवांत आई वयानं मोठी. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्या सोलापुरात पहिला घोट माझ्या आईचा असायचा.

मग म्हातारा साहेब मायदेशी गेला आणि हा नवा साहेब आला. माझ्याच वयाचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतकऱ्याचा पोरगा. मी त्याचा मदतनीस. त्याचा दिवस मला पाठ होता. पहाटे गुडघ्यावर प्रार्थना. मग शास्त्रीबुवांकडून मराठीचा धडा. ती पुस्तकी मराठी घेऊन आम्ही सायकलीवर खेड्यांत जायचो. कधी रेल्वेनं केमला उतरून पुढं चालत. घामोळ्यांनी त्याची पाठ सोललेली. उकळलेल्या पाण्याची बाटली गळ्यात. लिंबाखाली उभा राहून तो चांगल्या मेंढपाळाची गोष्ट सांगायचा. एकदा एका धनगर म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "सायेब, तुमचा देव मेंढरं राखतो म्हनता. मग लोकरीचं काय करतो?" लोक हसले. साहेबही हसला. परतताना मला म्हणाला, "या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही."

वाईट माणूस नव्हता तो. शनिवारी आपल्या आईला पत्र लिहायचा आणि बोटीची डाक चुकली की खोलीत जाऊन रडायचा. पण त्याच्या देशातली माणसं त्याला विचारत, तुझ्याकडं फक्त महारमांगच का येतात? तो प्रश्न त्याला घामोळ्यांपेक्षा जास्त टोचायचा.

म्हणून ब्राह्मण मास्तर बाप्तिस्मा मागायला बंगल्यावर आले तेव्हा तो उठून उभाच राहिला. मास्तर व्हरांड्यात खुर्चीवर बसले. मी खांबाशी उभा.

"आईबाप सोडून येतोय, साहेब. जात सोडून येतोय. पण आमच्या कुटुंबाला एकदम सगळं जमायचं नाही. पेला आधी आमच्याकडं यावा. एवढंच."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. "तुझे लोक समजून घेतील काय? थोडे दिवस. प्रीतीने."

नाही म्हणायला तोंड होतं मला. पण त्याच आठवड्यात साहेबानं कबूल केलं होतं, मला पाळकाच्या, म्हणजे आपल्यातल्या पाद्र्याच्या, शिक्षणासाठी नगरला पाठवायचं. मी म्हणालो, "घेतील, साहेब."

आईला आधी सांगायचं कामही माझ्याकडं होतं. मी सांगितलं नाही. 

त्या रविवारी घरी गेलो. आई चुलीपुढं बसली होती. मी म्हणालो, "आजाराची भीती आसती आई, म्हनून..."

"खोटं बोलू नगं. समदं कळतंय मला." तिनं लाकूड आत सारलं. "गिरणीत वरनं पानी वततात. तितं मी वंजळ धरती, पोटासाटी. हितं न्हाय धरायची."

"थोडं दिस हाय गं."

"तुज्या बापालाबी मुकादम हेच म्हनला हुता. थोडं दिस झाडू मार."

ती पुन्हा देवळात आली नाही. रिळावरच्या बायका चिडवायच्या, "काय गं सायबाची इहीण, आज आइतवार, प्रार्थना न्हाय व्हय?" ती सूत गुंडाळत राहायची. घरात मात्र रोज प्रार्थना करायची. मोठ्यानं, मला ऐकू जाईल अशी. तिनं देव सोडला नव्हता. हे मी नीट लिहून ठेवतोय, कारण पुढं उलटं बोललं गेलं.

पावसाळ्यात ती तापानं पडली. साहेबाला कळलं तसा तो चिखल तुडवत चाळीत आला. भाकर आणि पेला स्वतः घेऊन. जमिनीवर बसला. त्यानं पेला तिच्या ओठांशी नेला.

आईनं विचारलं, "सायेब, आता बरी हून देवळात आले, तर आदी कुनाला द्याल?"

 त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही म्हटलं असतं तर तो हो म्हणाला असता, असं मला अजून वाटतं. मी खाली पाहिलं.

आईनं तोंड भिंतीकडं केलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

देवळाच्या मंडळीत बोललं गेलं, म्हातारीनं शेवटी प्रभूला नाकारलं. कबरस्तानात तिला जागा मिळाली ती कुंपणापाशी, मंडळीनं नाकारलेल्यांच्या रांगेत. मी ती जागाही मान्य केली. माती लोटली आणि घरी आलो.

पुढच्या प्रभुभोजनाला पेला पुन्हा माझ्या हातात आला. पहिल्या बाकावर मास्तरांनी हात पुढं केला होता. मी चालत गेलो आणि त्यांच्यासमोरून पुढं गेलो. चटईवर आईची जागा कुणी घेतली नव्हती. तिच्या शेजारच्या म्हातारीच्या हातात मी पेला दिला.

"हितनं सुरू हुईल. मागं जसं हुतं तसं."

मास्तर उठले. त्यांची बायको क्षणभर बसून राहिली, मग तीही उठून त्यांच्यामागं बाहेर गेली. नंतर देवळाबाहेर साहेबानं मला गाठलं.

"तू एक घर देवापासून दूर केलेस."

"दोन, साहेब. पहिलं माझं."

माझी नोकरी गेली. नगर गेलं. मी गिरणीत लागलो, युनियनमध्ये गेलो, भाषणं करायला शिकलो. त्या भाषणांत ही गोष्ट आली. लोकांना आवडली. पेला आपल्या माणसांकडं फिरवणारा माणूस म्हणून मला स्टेजवर बसवू लागले, हार घालू लागले. आईच्या हातातून पेला घेणारा हात मी साहेबाला चिकटवून टाकला. साहेब कधीच परत गेला होता. नाही म्हणायला इथं कोण होतं?

साहेबाचा दोष कमी होत नाही. मास्तरांचा तर नाहीच. ज्यांनी मागितलं त्यांनी मागितलं, ज्यानं दिलं त्यानं दिलं. पण अशा माणसांना नेहमी एक आपलाच माणूस लागतो, आपल्याच आईला "थांब" म्हणायला. तो मी झालो. आणि उशिरा नकार देऊन त्याचं नाव कमावलं. ती जिवंत असताना दिला असता तर तो नकार. नंतरचा नुसता राग.

वस्तीतली पोरं परवा आली होती. सत्कार ठेवलाय म्हणाली. मी त्यांना हे सगळं सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "बाबा, एवढं नका सांगू स्टेजवर. माणसं नाराज होतील."

मी सत्काराला जाणार आहे. हार घेणार नाही. आईची कबर कुंपणापाशी का आहे, हे तिचं नाव घेऊन सांगणार आहे, आणि तिला तिथं कुणी नेलं तेही. अर्धी गोष्ट यापुढं माझ्याकडून कुणाला मिळणार नाही.