गोलूची फिट आणि माझा व्हिडिओ

सांगते, पण माझ्या वर्गात कुणाला कळता कामा नये. मी हजेरीलासुद्धा हळूच ‘हजर’ म्हणणारी, आणि माझा तो व्हिडिओ धुळ्याच्या डॉक्टरांनी सिस्टरला बोलावून दाखवला!

माझा भाऊ गोलू दीड वर्षाचा. मागे एकदा तापात त्याला फिट आली. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि व्हिडिओ काढा. एकाच बाजूचे हातपाय उडत असतील तर तपासण्या कराव्या लागतील, कदाचित रोजचं औषधही.”

त्या ‘कदाचित’ने आईची झोप उडाली. व्हिडिओचं काम माझ्याकडे.

परवा दुपारी सोनगीरला घरीच गोलू पुन्हा तापला आणि फिट आली!

“काढ गं!” आई त्याला वळवत ओरडली. मी मोबाइल धरला, पण स्क्रीनकडे कोण बघतंय? नजर गोलूवरच.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या अक्का धावत आल्या. “चप्पल कोठे शे? नाकले लावा!”

“अक्का, नको! डॉक्टरांनी दुसरं काही करू नका सांगितलंय!” आई त्यांना अडवू लागली.

त्यांचं चाललं होतं तोवर गोलू शांत झाला. आम्ही रिक्षाने थेट धुळे गाठलं.

डॉक्टरांनी व्हिडिओ लावला. पडद्यावर कोण? मी! कॅमेरा उलटा राहिलेला. डोळे वटारलेले, तोंड उघडं, हनुवटी थरथरतेय. गोलूचं बोटसुद्धा नाही. मग अक्कांचा आवाज, “ओ माय, इले बी फिट उनी!” आणि बाजूने एक चप्पल आली ती थेट माझ्या नाकाला!

“यात पेशंट कोण?” डॉक्टर म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. “आता कसं कळणार हो?”

मला बोलावंच लागलं. “दोन्ही हात... दोन्ही पाय. सारखेच उडत होते. चप्पल माझ्याकडे आली तेव्हा थांबलं.”

डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं, गोलूला नीट तपासलं. कानात जंतुसंसर्ग होता. त्याचा ताप, आणि तापाची फिट. “रोजचं औषध नको. हे अँटिबायोटिक मात्र ताप उतरला तरी पूर्ण द्या.”

आई तिथेच रडली आणि रडता रडता हसलीसुद्धा.

काल पुन्हा दाखवायला गेलो. गोलू डॉक्टरांचा पेन चावत होता.

“हा ठणठणीत! आणि व्हिडिओतली पेशंट कशी आहे?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

दारातून सिस्टर म्हणाल्या, “सर, चप्पल आणू का?”