उघडं सॉकेट आणि दोन अक्षता

मंडळी, आज अंबडला आमच्या कारखान्यात सर्व्हरमध्ये नवा प्रोसेसर बसवायचा होता. हे काम माझं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटचं झाकण काढलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

परतले तर कारखान्यातले सगळ्यात जुने कामगार पाटीलकाका पूजेचं ताट घेऊन उभे. नव्या मशीनची पूजा वर्षानुवर्षं तेच करतात.

"ताई, दोनच अक्षता टाकल्या. तुमचं यंत्र नाजूक, म्हणून नारळ नाही फोडला."

अक्षता सॉकेटमधल्या केसाएवढ्या पिनांवर पडल्या होत्या. काकांनी त्या बोटाने उचलायला पाहिलं आणि पिना वाकल्या. आता बोर्ड बदलेपर्यंत सर्व्हर बंद. ड्रॉइंग सगळी त्यातच, त्यामुळे कामही बंद.

मालक सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "रिटायर होता होता हेच करायचं राहिलं होतं?"

"चुकलं साहेब."

मी गप्प राहिले. प्रोसेसर हातात घेतल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हे मीच सगळ्यांना दरडावून सांगते.

निघताना काका म्हणाले, "ताई, तुमचा खोळंबा केला मी."

उद्या मालकांना खरं सांगणार आहे. केबिनमध्ये नाही, सगळ्यांसमोर. पण आज मान खाली घालून घरी गेलेल्या माणसाला तेवढं पुरेल का?